डुकरांत गुडघे टेकलेला मुलगा : बायबलवरची जुनी छापचित्रं कशी पाहावीत

आमच्या वसईच्या घरी कुणी पोरगा पगार उडवून महिनाअखेरीस हात हलवत परतला की आजी एवढंच म्हणायची, "आला बघा उधळ्या पुत्र." लूकच्या शुभवर्तमानातला तो दाखला मी वाचायच्या कितीतरी आधी ऐकूनच पाठ केला होता. धाकट्या मुलानं बापाकडून वाटणी मागून घेतली, दूर देशी जाऊन उधळली, दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली, डुकरं खातात त्या शेंगांनी तरी पोट भरावं असं वाटायला लागलं, आणि मग तो घरी निघाला. बाप धावत येतो, गळ्यात पडतो. गोष्टीचं चित्र काढायचं तर ते या गळाभेटीचंच, असं मी धरून चालले होते.

कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं छापचित्र दाखवलं, १४९६च्या सुमाराचं. त्यात बाप नव्हता, घर नव्हतं, मेजवानी नव्हती. एका शेतघराचं अंगण, उतरत्या छपरांची घरं, खाण्याची डोण, तिच्यात तोंडं खुपसलेली डुकरं, पायात घुटमळणारी पिल्लं, आणि त्यांच्यात गुडघे टेकून, हात एकमेकांत घट्ट गुंफून वर पाहणारा तो मुलगा. मी दोन मिनिटं पाहिलं आणि पुढच्या चित्राकडं वळले. ते चित्र खरं पाहायला मला पुढं पंधरा वर्षं लागली, तीही स्वतः तांब्यावर कोरायला लागल्यावर.

आता दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सहा-सात मुलं माझ्या पडवीत छपाई शिकायला येतात. त्यांतली अर्धी ख्रिस्ती आहेत, अर्धी नाहीत, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: या जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रांत बघायचं काय? त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

आधी तयारी. मोबाईलवर ही चित्रं पाहू नका. लॅपटॉप किंवा मोठा पडदा घ्या. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ड्यूरर, शोनगावर आणि डच चित्रकार रेम्ब्रांट यांची छापचित्रं मोठ्या आकारात बघायला मिळतात. केसाएवढी रेघ दिसेपर्यंत मोठी करता येतात. शेजारी मराठी बायबल ठेवा, एक वही आणि टोकदार पेन्सिल ठेवा. एका बैठकीला एकच चित्र. अर्धा तास.

आणि पहिली दहा मिनिटं गोष्ट शोधू नका. रेघ शोधा.

पंधराव्या-सोळाव्या शतकात चित्र छापायच्या मुख्य रीती दोन: लाकडाचा ठसा आणि तांब्याचा पत्रा. दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट. लाकडात रेघ राहू द्यायची आणि तिच्या आजूबाजूचं सगळं सुरीनं काढून टाकायचं. उरलेल्या उंच भागाला शाई लागते. तांब्यात रेघच कोरायची. पत्राभर शाई चोपडायची, जाळीदार कापडानं पुसून काढायची, खाचेत तेवढी उरते. मग ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून जोरात दाबून न्यायचा, म्हणजे कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो.

पडद्यावर हा फरक ओळखायची माझी खात्रीची जागा म्हणजे जिथं रेघा एकमेकींना छेदतात तो कोपरा. सावली दाखवायला उभ्याआडव्या रेघांची जाळी केलेली असते ना, ती मोठी करून पाहा. तांब्यावर ही जाळी सहज होते, एका रेघेवरून दुसरी ओढली की झालं. लाकडात मात्र जाळीतला प्रत्येक पांढरा चौकोन सुरीच्या टोकानं एकेक करून उचलावा लागतो. मसुरीएवढे शंभर चौकोन, आणि एकही रेघ तुटता कामा नये. म्हणून जुन्या लाकडी ठशांत जाळी कमी, समांतर रेघा जास्त. जिथं लाकडात दाट जाळी दिसेल तिथं थांबा. ठसा कोरणाऱ्याचा तिथं अख्खा दिवस गेलेला असू शकतो. त्याचं नाव बहुतेक वेळा कुठंच लिहिलेलं नसतं. ड्यूररसारखा चित्रकार लाकडावर रेखाटन करायचा, कोरायचे ते ठसे कोरणारे व्यावसायिक कारागीर.

तांब्यावरच्या रेघेला जीव असतो. ती बारीक सुरू होते, मध्ये फुगते, टोकाला पुन्हा केसासारखी निमुळती होते. हे का होतं ते मला माझ्या डाव्या हातानं शिकवलं. ब्युरिन म्हणजे कोरायची चौकोनी पोलादी सळई, टोकाला तिरकी घासलेली. तिची लाकडी मूठ तळहातात बसते. कोरताना सळईचा हात फारसा हलवायचा नाही. वाळू भरलेल्या चामडी उशीवर पत्रा ठेवून तो पत्रा दुसऱ्या हातानं फिरवायचा. सळई ढकलली की तिच्यापुढं तांब्याची बारीक गुंडाळी निघत जाते, नारळाच्या किसासारखी. जास्त दाबलं की खाच खोल आणि रुंद, सैल सोडलं की बारीक. पहिल्याच आठवड्यात घाईत मी वळण घेताना पत्रा फिरवायच्या ऐवजी मनगट फिरवलं. सळई सटकली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली. तो व्रण अजून आहे. त्या दिवसानंतर ड्यूररच्या डुकराच्या पाठीवरची गोल रेघ पाहिली की मला आधी फिरणारा पत्रा दिसतो, मग डुक्कर. एवढी सावकाश ओढलेली रेघ ओझरतं बघून सोडून द्यायची नसते, हे मला तेव्हा कळलं.

हे काम आलं सोनारांकडून. कोल्मारचा मार्टिन शोनगावर सोनाराचा मुलगा, न्यूरेंबर्गचा ड्यूररही सोनाराचा मुलगा. भांड्यावर, पदकावर नक्षी कोरणारी हत्यारंच पत्र्यावर आली. १४९२मध्ये तरुण ड्यूरर शोनगावरला भेटायला कोल्मारला गेला, पण शोनगावर आदल्याच वर्षी वारला होता.

तिसरी रीत एचिंगची. तिच्यात पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईनं त्यावर चित्र काढतात आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाला खाऊ देतात. सुईला कसलाच विरोध नसतो, म्हणून रेघ हस्ताक्षरासारखी मोकळी धावते आणि तिचं टोक बोथट राहतं. ड्रायपॉइंटमध्ये सुईनं थेट तांबं ओरबाडतात. खाचेच्या कडेला उठलेली धातूची कोर शाई धरून ठेवते आणि रेघ मखमलीसारखी, पसरट छापली जाते. ही कोर प्रेसखाली पटकन दबते, म्हणून तशा छापांच्या चांगल्या प्रती थोड्याच निघतात. या दोन रीतींवर रेम्ब्रांटचा हात बसलेला होता.

खरा कागद हातात आला तर भिंग घ्या आणि टेबलावरचा दिवा बाजूनं, अगदी आडवा धरा. तांब्याच्या छापाभोवती पत्र्याच्या काठाचा दबलेला चौकोन दिसतो, जर कुणी कडा कापून टाकल्या नसतील तर. आणि त्या फार वेळा कापलेल्या असतात. कागद उजेडासमोर धरला तर कागद गाळायच्या साच्यातल्या जाळीच्या रेघा दिसतात, कधी कधी बैलाचं डोकं किंवा मुकुट असं कारखान्याचं पाणचिन्ह. चिंध्यांपासून हातानं केलेला हा कागद. न्यूरेंबर्गला तो १३९०पासून बनत होता. एक इशारा मात्र देते. मी एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानातून "जुना ड्यूरर" म्हणून एक पान आणलं, घरी भिंगाखाली धरलं, तर सगळ्या रेघा बारीक ठिपक्यांच्या. वर्तमानपत्रातला फोटो छापतात तसं छापलेलं होतं ते. भिंग आधी, पैसे नंतर.

रेघ कळली की मग माणसं.

इथं बायबल माहीत नसलेल्यांना अडचण येते, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. देवळातल्या मूर्तीच्या हातातल्या आयुधावरून आपण देव ओळखतो, तशीच ही खूणभाषा आहे. किल्ल्या दिसल्या की पेत्र. उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कोकरू, तर बाप्तिस्मा करणारा योहान. सुगंधी तेलाची बरणी, तर मग्दालिया मरिया. वीणेसारखं वाद्य घेतलेला राजा दावीद, वेशीची दारं खांद्यावर टाकून चाललेला शमशोन, माशाच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला योना. गरुड, सिंह, बैल आणि माणूस हे चारही शुभवर्तमानकारांचे सोबती. डोक्यामागच्या तेजोवलयात क्रूस असेल तर तो येशूच. बाकी संतांचं वलय साधं असतं. कापलेलं डोकं घेतलेल्या दोन बाया हमखास गोंधळात टाकतात. तलवार जवळ असेल तर यूदीथ, ताट असेल तर सलोमी. आणि डोक्यावर दोन शिंगं असलेला म्हातारा सैतान नव्हे, तो मोशे. सिनाई डोंगरावरून उतरताना त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता. तिथल्या हिब्रू शब्दाचा लॅटिन भाषांतरात "शिंगं असलेला" असा अर्थ लागला आणि शेकडो वर्षं चित्रकार त्याला शिंगं काढत राहिले.

ज्यांना गोष्टीच ठाऊक नाहीत त्यांना मी सरळ मराठी बायबल वाचायला सांगते. ओवी आवडत असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ आहेच, गोव्यात रायतूरला १६१६ला छापलेलं. आदामापासून येशूपर्यंतची सगळी कथा त्यात आपल्या भाषेत आहे.

कोणती गोष्ट ते कळलं की वहीत एक प्रश्न लिहा: गोष्टीतला नेमका कुठला क्षण? माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा.

उधळ्या पुत्राकडं परत येऊ. लूकचा पंधरावा अध्याय उघडा. मुलगा डुकरांत बसलेला असताना तिथं एक छोटं वाक्य येतं: तो शुद्धीवर आला. अजून काही घडलेलं नाही. घराची वाट धरलेली नाही, बापाला काय म्हणायचं ते ठरायचं आहे. ड्यूररनं पत्र्यावर घेतला तो हा क्षण. आता चित्र मोठं करा आणि हातांकडं या. बोटं एकमेकांत अडकवलेली आहेत, इतकी घट्ट की ही प्रार्थना आहे की मन आवरायची धडपड, ते सांगता येत नाही. मनगटावरची सावली मोजून ओढलेल्या रेघांची आहे. मग खाली डुकरांवर या. केस राठ आहेत, प्रत्येक केसाला वेगळी लहानशी खाच. डुकरांना त्याच्याशी देणंघेणं नाही, त्यांचं खाणं चालू आहे. अंगणभर खाली वाकलेली तोंडं आणि एकच वर उचललेला चेहरा. हा विरोध मला दुसऱ्या वर्षाला दिसला नव्हता, कारण मी बाप कुठं आहे ते शोधत होते.

याच गोष्टीवरचं रेम्ब्रांटचं १६३६चं एचिंग लगेच शेजारी उघडा. इथं गळाभेट आहे. दारासमोरच्या पायऱ्यांवर बाप वाकला आहे, मुलगा गुडघ्यांवर कोसळला आहे, अंगावर चिंध्या, बरगड्या आणि दंड सुकलेले. चेहरा मुद्दाम देखणा ठेवलेला नाही. भुकेनं माणूस जसा दिसतो तसा. मागून नोकर कपडे घेऊन येत आहेत, वर एक बाई खिडकीची झडप उघडून पाहते आहे. हात बघा. इथंही मुलाचे हात जोडलेले आहेत, पण आता बापाचा हात त्याच्या अंगावर आहे. रेघही वेगळी: भराभर, तुटक, जणू रेम्ब्रांटला ती भेट घडत असतानाच टिपायची होती. ड्यूररच्या रेघेत विचार करणारा मुलगा आहे, रेम्ब्रांटच्या रेघेत धावणारा बाप. दोन्ही पत्रे आकारानं लहान. ड्यूररचा जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच, रेम्ब्रांटचा त्याहूनही लहान.

क्षणाची निवड किती मोठं काम करते ते ड्यूररच्या ‘प्रकटीकरणा’च्या, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकावरच्या, मालिकेतही दिसतं. १४९८ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं ती लॅटिन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत स्वतः काढली. पंधरा लाकडी ठसे. बायबलात चार घोडेस्वार एकामागून एक येतात. त्यानं चौघांना एकाच फळीवर एकदम सोडलं: धनुष्य, तलवार, तराजू आणि सगळ्यात पुढं हडकुळ्या घोड्यावरचा मृत्यू. मागचं आकाश आडव्या रेघांनी भरलेलं आहे आणि त्या रेघांमुळंच घोडे पळतात. बोटानं त्या रेघा झाकून पाहा, घोडे जागच्या जागी थबकतात. माझ्या वर्गातल्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

लहान चित्रांनाही कमी लेखू नका. १५११ला ड्यूररनं येशूच्या दुःखसहनाची लहान मालिका छापली, सदतीस ठसे, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा. त्यातला एक शोधा: पुनरुत्थानानंतरची सकाळ. मग्दालिया मरियेला वाटतं की समोर माळी उभा आहे. ड्यूररनं तिची चूक खरी करून दाखवली आहे. येशूच्या डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, खांद्यावर फावडं, मागं उगवता सूर्य. तिला माळी का वाटला ते आपल्यालाही पटतं, आणि हातावरचा खिळ्याचा घाव नंतर दिसतो. या मालिकेचे बहुतेक मूळ लाकडी ठोकळे अजून ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेले आहेत.

आता उलटसुलटीचा मुद्दा. ठशावर जे उजवीकडं ते कागदावर डावीकडं येतं. म्हणजे ड्यूररला १५०४च्या ‘आदाम आणि हव्वा’मध्ये फांदीवर टांगलेली पाटी आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागली, तेव्हा कुठं त्याचं नाव आपल्याला सरळ वाचता येतं. त्याच चित्रात खाली चार जनावरं आहेत: एल्क हरीण, बैल, ससा, मांजर. त्या काळी माणसाचे चार स्वभाव मानत. असं मानलं जातं की पापानंतर बिघडणारे ते चार स्वभाव म्हणजे ही चार जनावरं. मांजरापुढं उंदीर आहे आणि मांजरानं अजून झडप घातलेली नाही. हव्वेच्या हातात फळ आलेलं आहे आणि अजून कुणी चावा घेतलेला नाही. वर उजवीकडं कड्याच्या टोकावर एक रानबकरा उभा आहे, इतका लहान की बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. याही चित्रात सगळं घडायच्या आधीचा श्वास धरून ठेवला आहे. या पत्र्याच्या काम अर्धवट असताना काढलेल्या प्रतीही टिकल्या आहेत. त्यांत मागचं झाडीचं रान पूर्ण झालंय आणि माणसांची शरीरं अजून नुसत्या बाह्यरेषेत आहेत. अंगाची मऊ सावली त्यानं शेवटासाठी राखून ठेवली होती.

मुलं विचारतात की पॅलेस्टाइनमधल्या गोष्टीत जर्मन घरं कशी? कारण चित्रकारानं तीच पाहिली होती, आणि चित्र विकत घेणाऱ्यानंही. बेथलेहेम आपल्या गल्लीच्या टोकाला आहे असं वाटायला लावणं हे या छापांचं काम होतं. वसईत नाताळच्या गोठ्यात आम्ही भाताचा पेंढा घालतो आणि विहीर बांधतो, त्यातलाच हा भाव. चर्चमधलं वेदीचं चित्र रविवारी दुरून बघायचं. छाप मात्र जत्रेत विकत घेऊन भिंतीला लावता येई, प्रार्थनेच्या वहीत चिकटवता येई. १४२३ हे साल असलेला संत ख्रिस्तोफरचा प्रसिद्ध लाकडी छाप असाच बुक्सहाइमच्या मठातल्या एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला सापडला. दुसऱ्या पुठ्ठ्याला मरियेला देवदूतानं दिलेल्या निरोपाचं चित्र होतं. ड्यूररची बायको आग्नेस त्याचे छाप घेऊन जत्रेत बसायची.

काही पानांवर एका चौकटीत तीन गोष्टी दिसतील. गोंधळू नका. १४६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये लाकडी फळ्यांवर अक्षरांसकट कोरलेली ‘बिब्लिया पॉपेरुम’ नावाची पुस्तकं निघाली, चाळीस पानांची. प्रत्येक पानात मध्ये येशूच्या आयुष्यातला प्रसंग आणि दोन्ही बाजूंना जुन्या करारातले दोन प्रसंग. येशूला कबरीत ठेवतात त्याच्या एका बाजूला भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ, दुसऱ्या बाजूला मत्स्याच्या पोटात जाणारा योना. अशी पानं मधून बाहेर वाचायची आणि प्रत्येक बाजूला विचारायचं: काय खाली गेलं, काय वर येणार?

कधी चित्र भांडतंही. १५२२च्या सप्टेंबरात पोपशी भांडलेल्या मार्टिन लूथरचा जर्मन नवा करार विटेनबर्गला निघाला तेव्हा चित्रकार लुकास क्रानाखच्या ठशांत प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता. डिसेंबरच्या आवृत्तीत तो कापून साधा केला. मी कॅथलिक घरातली, मला ते चित्र बघताना आजही टोचतं, पण मुलांना मी ते दाखवतेच.

एकाच पत्र्याच्या वेगवेगळ्या अवस्था, म्हणजे पत्रा बदलत गेला तसतसे काढलेले छाप, मिळाल्या तर त्या सोडू नका. रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’, १६५३, ड्रायपॉइंट. पहिल्या अवस्थांत वरून प्रकाशाचा झोत पडतो, त्यात क्रूसाभोवतीची माणसं एकेक ओळखू येतात, रोमन शताधिपतीनं, म्हणजे सैन्याच्या अधिकाऱ्यानं, हात पसरून गुडघे टेकले आहेत. चौथ्या अवस्थेत त्यानं तोच पत्रा खरवडला आणि वरून खालपर्यंत काळ्या उभ्या रेघांचे फराटे ओढले. माणसं बुडाली, घोडा बिथरला, भर दुपारी देशभर पडलेला अंधार सगळ्यावर उतरला. दोन्ही प्रतिमा पडद्यावर शेजारी ठेवा आणि एकच कोपरा आलटून पालटून पाहा. स्वतःचं एवढं सुंदर काम पुसायला काय धैर्य लागतं ते पत्रा खरवडलेल्या माणसाला कळतं. मी आजवर दोनदाच केलं आहे आणि दोन्ही वेळा हात थरथरले.

शेवटचा टप्पा नुसत्या डोळ्यांचा नाही. नक्कल करा.

या छापांकडून शिकण्याची हीच जुनी रीत आहे. मार्कांतोनिओ रायमोंदी या इटालियन कोरणाऱ्यानं व्हेनिसमध्ये ड्यूररचे मरियेच्या चरित्राचे लाकडी ठसे तांब्यावर उतरवले, तेही ड्यूररच्या सहीचिन्हासकट. ड्यूररनं तक्रार केल्याचं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं लिहून ठेवलं आहे. मूळ आणि नक्कल शेजारी लावलीत तर लाकडाची आणि तांब्याची रेघ एकाच चित्रात ताडून बघता येते, म्हणून माझ्या वर्गात ती जोडी कायम असते.

आपल्या बाजूची नक्कल मला अधिक जवळची आहे. १५७९ला रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्याबरोबरचे जेझुइट संघाचे धर्मगुरू गोव्याहून निघाले आणि १५८०ला फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला प्लांतँनं छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं, त्यात तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं होती. तिथल्या चितारींच्या हाती युरोपचे छाप पडत गेले. १६००मध्ये अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं ड्यूररच्या १५११च्या क्रूसाच्या छापातला फक्त येशूचा शिष्य योहान उचलला. क्रूस नाही, येशू नाही, नुसता दुःखानं हात गुंफून उभा असलेला योहान. तो कागद आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. पुढं हाच मुलगा जहांगीरचा मोठा चित्रकार झाला. त्यानं ती रेघ छापातून बोटांत कशी घेतली असेल, याचा मी खूपदा विचार करते.

तर तुम्हीही अख्खं चित्र काढायला जाऊ नका. उधळ्या पुत्राचे हात निवडा, पडद्यावर ते तुमच्या मुठीएवढे होतील इतके मोठे करा. वहीत एक इंचाचा चौकोन आखा. बाह्यरेषा अगदी हलकी काढा, मग सावलीच्या रेघा एकेक मोजत भरा: कुठं सुरू होते, कुठं फुगते, कुठं सुटते. वळण आलं की मनगट वळवू नका, वही फिरवा. एका अंगठ्याला माझ्या वर्गात साधारण चाळीस मिनिटं लागतात. मागच्या रविवारी एका मुलीनं अंगठा संपवून मान वर केली आणि विचारलं, "बाई, हा घरी जायचं ठरवतोय ना आत्ता?" मी तिला लूकचा पंधरावा अध्याय उघडून दिला.